रेडिएटर बसला, आता हिरव्या पाण्याचे काय?

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार इसम.

सोमवार. कावासाकी येथील आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकातून मी लिहिलेले एक वाक्य काढून टाकावे, असा प्रस्ताव निघाला. जबाबदार: सेल्सप्रमुख कुरोकी-सान.

बुधवार. त्या प्रस्तावावर, इथल्या रिवाजाप्रमाणे सह्यांच्या जागी, सात शिक्के उमटले. जबाबदार: त्या शिक्क्यांचे सात मालक. त्यांपैकी एकानेही आयुष्यात रेडिएटर उचललेला नाही.

शुक्रवार. हा निर्णय नेमका कोणाचा, अशी मी लेखी विचारणा केली. उत्तर आले, "सगळ्यांचा." जबाबदार: 'सगळे'. या नावाचा कर्मचारी कंपनीच्या पटावर नाही. मी तपासून पाहिले.

आता प्रकरण. मी कूलिंग इंजिनिअर आहे. पुण्यातून निवृत्त झाल्यावर जुन्या गाड्यांसाठी रेडिएटर बनवणाऱ्या या जपानी कंपनीने मला सल्लागार म्हणून बोलावले. ज्यांना गाडीचे पोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन तापते. त्याच्याभोवती फिरणारे पाणी ती उष्णता घेऊन गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत येते, वाऱ्याने निवते आणि परत जाते. त्या जाळीला रेडिएटर म्हणतात. पाणीही साधे नसते. थंडीत गोठू नये म्हणून त्यात रसायन असते आणि गळती चटकन दिसावी म्हणून ते हिरवे रंगवलेले असते. त्याला कूलंट म्हणतात.

२०११ च्या भूकंपानंतर जपानच्या ईशान्येकडच्या गावांतून ग्राहकांची पत्रे येऊ लागली. गॅरेज बंद आहे, गाडीवाचून चालत नाही, रेडिएटर आम्हीच बदलला तर जमेल का? त्यांच्यासाठी कंपनीने रेडिएटर, पाइप आणि क्लिपा एका खोक्यात घालून विकायला काढल्या. सोबतचे पत्रक मी लिहिले. त्यात ते वाक्य होते: 'साधी हत्यारे जवळ असलेल्या मालकाला हे काम घरच्या घरी अर्ध्या दिवसात करता येते.' वाक्य गेले की खोके फक्त गॅरेजवाल्यांना मिळणार, आणि पत्रे लिहिणारे ते लोक पुन्हा होते तिथेच.

मी विभागप्रमुख मोरिता-सान यांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"आगाशे-सान, ते वाक्य जरा कठीण आहे," ते म्हणाले.

"कोणाला कठीण?"

"म्हणजे, सगळ्यांनाच."

"वाक्य खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण खरं आहे, असंही कोणी पाहिलेलं नाही."

हा मुद्दा मला मान्य करावा लागला. पुरावा नसताना वाद घालणे माझ्या तत्त्वात बसत नाही. माझी स्वतःची जुनी पांढरी गाडी महिनाभर हिरवे ठिबकत होती. मी जाहीर केले की उद्या शनिवारी मी राहतो त्या ग्योतोकुच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी कंपनीच्याच खोक्यातून माझ्या गाडीचा रेडिएटर बदलीन. सेल्सने साक्षीदार पाठवावा. अर्ध्या दिवसात जमले नाही, तर वाक्य मी स्वतःच्या हाताने खोडीन.

साक्षीदार म्हणून खुद्द कुरोकी-सान आले. सूट, टाय, हातात मिठाईचे खोके, पिशवीत हेल्मेट. वय पन्नाशीचे, चेहरा अंत्यविधीला आल्यासारखा.

"हेल्मेट कशाला?" मी विचारले.

"कंपनीचा नियम आहे. साइटवर जाताना."

"हे माझं पार्किंग आहे."

"आज साइट आहे," ते म्हणाले, आणि हेल्मेट घातले.

पार्किंगच्या करारात गाडी धुण्यास आणि आवाज करण्यास मनाई आहे. रेडिएटर बदलण्याबाबत करार मौन पाळतो. तरीही मी केअरटेकरला आदल्या संध्याकाळी लेखी पूर्वसूचना दिली होती. सकाळीच कामाला सुरुवात झाली.

पहिली पायरी, थांबणे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतले उकळते पाणी तोंडावर येते. गाडी रात्रभर उभी होती, म्हणून प्रश्न नव्हता. दुसरी पायरी, खालचा प्लग सैल करून कूलंट काढून घेणे. त्यासाठी पसरट भांडे लागते. मी घरात जाऊन परातीकडे हात नेला.

"अहो, परातीला हात लावायचा नाही," माझी पत्नी वसुधा म्हणाली. "त्यात मी कणीक तिंबते."

"धुऊन देतो."

"विष आहे ना ते? परवा तुम्हीच सांगत होतात, गोड लागतं म्हणून मांजरं चाटतात आणि मरतात."

माझेच विधान माझ्याविरुद्ध वापरले गेले. तिने कपडे भिजवायचा जुना टब दिला. तो गाडीखाली सरकवून मी कूलंट धार थांबेपर्यंत उतरवले. इमारतीतल्या मांजराला वसुधाने दाराशी बसून शेवटपर्यंत अडवून धरले.

मग वरचा पाइप काढला. पंख्याचे आवरण चार बोल्टांवर असते, ते काढले. खालच्या पाइपाशी मात्र काम अडले. त्याची स्प्रिंगची क्लिप इतक्या अडचणीच्या जागी होती की पक्कड आत जाई, पण उघडत नसे. मी पाठीवर झोपलो. कुशीवर झोपलो. मराठीत काही शब्द उच्चारले. ते इथे देत नाही.

कुरोकी-सान घड्याळ पाहत होते. मग त्यांनी कोट काढला, घडी करून वसुधाच्या हाती दिला आणि वाकून म्हणाले, "टॉर्च धरू का?"

"साक्षीदाराने मदत करणं नियमात बसतं का?"

"टॉर्चबद्दल नियम नाही."

प्रकाश पडल्यावर दिसले की क्लिपेची दाबायची टोके मागच्या बाजूला होती. पक्कड उलट्या बाजूने घातली आणि क्लिप सरकली. पाइपात उरलेले कूलंट माझ्या बाहीत गेले. कुरोकी-सान मोठ्याने हसले. हा मनुष्य हसतो, हे ऑफिसात कोणालाही ठाऊक नसावे.

त्यापुढे सगळे सुरळीत झाले. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचे तेलही रेडिएटरच्या तळातून थंड होऊन जाते. त्या दोन नळ्या सुटल्या की तेल ठिबकते, म्हणून त्यांच्या तोंडांना लगेच बुचे लावली. जुना रेडिएटर सरळ वर उचलून घेतला. प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे जोडलेली असते, तिथे केसासारखी चीर होती. नवा रेडिएटर जुन्याच रबरी गाद्यांवर बसवला, पाइप आणि नळ्या जोडल्या, कूलंट भरले. मग झाकण न लावता इंजिन चालू केले आणि हीटर पूर्ण सोडला, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघून जाते. बुडबुडे थांबले. झाकण लावले. खाली पुठ्ठा टाकून वाट पाहिली. पुठ्ठा कोरडा राहिला.

दुपारच्या जेवणाची वेळ अजून व्हायची होती. कुरोकी-सानांनी हेल्मेट काढले आणि मला वाकून नमस्कार केला. मी विजयाचे दोन शब्द बोलणार, एवढ्यात वसुधाने टबाकडे बोट दाखवले.

"हे हिरवं पाणी कोणत्या वारी टाकायचं?"

आमच्या फ्रिजवर कचऱ्याचे वेळापत्रक आहे. जळणारा कचरा एका वारी, बाटल्या दुसऱ्या, प्लॅस्टिक तिसऱ्या. प्रत्येक वस्तूला वार आहे. या पाण्याला नव्हता. गटारात ओतायचे नाही, हे मला माहीत होते. कुठे द्यायचे, हे माहीत नव्हते.

कुरोकी-सानांनी आमचे पत्रक उघडून शेवटची ओळ वाचली. ती सेल्सने घातली होती. "जुन्या कूलंटबाबत आपल्या नगरपालिकेकडे चौकशी करावी."

वसुधाने घरातून नगरपालिकेची कचरा-पुस्तिका आणली आणि अडखळत वाचली. "गाडीची तेलं आणि रसायनं घेतली जात नाहीत. विक्रेत्याला विचारावं."

वसुधाने आणि मी मान वर करून पाहिले. विक्रेता आमच्या पार्किंगमध्ये, माझ्या शेजारी, बाह्या दुमडून उभा होता.

"मग विचारते," वसुधा म्हणाली. "कुरोकी-सान, कोणत्या वारी?"

कुरोकी-सानांनी दातांतून हवा आत ओढली. जपानात याचा अर्थ उत्तर नाही असा होतो. मग ते म्हणाले, "कॅनमध्ये भरू या. मी कंपनीत नेतो." आम्ही कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरले आणि मी त्यांना, कॅनला आणि जुन्या रेडिएटरला माझ्याच गाडीतून कावासाकीला पोहोचवले. तापमानाचा काटा सबंध वाटेत हलला नाही.

निकाल असा. माझे वाक्य पत्रकात राहिले. प्रस्ताव मागे घेण्याच्या कागदावर पहिला शिक्का कुरोकी-सानांचा आहे, आणि ईशान्येकडे खोकी जात आहेत. कॅन मात्र कंपनीच्या स्टोअरने परत पाठवला, कारण वापरलेले कूलंट स्वीकारण्याचा नियम नाही. तो सध्या माझ्या टेबलाखाली आहे. मी त्याला पाय लावून बसतो. धडा एवढाच की भाग बसवणे हे अर्धे काम असते, काढलेल्याची विल्हेवाट हे उरलेले अर्धे, आणि ते कोणाच्याही पत्रकात नसते.

सबब, माझी मागणी. प्रत्येक खोक्यामागे एक टब हिरवे पाणी कोणाच्या तरी अंगणात उभे राहते आहे. कंपनी ते परत घेणार की नाही, आणि घेणार असेल तर कुठे, याचे उत्तर मोरिता-सान यांनी पत्रकाच्या पहिल्या पानावर जाहीरपणे छापावे. उत्तराखाली एका माणसाचे नाव असावे. 'सगळे' ही सही मी स्वीकारणार नाही.