वरून एक मूठ गूळ

"हात नोका लावू, नुसतं पाहा!" असं म्हणत आमचे शिंपीमास्तर नवा सदरा दोन बोटांनी उंच धरीत. सदऱ्याचं ठीक होतं. पण एका अधिक महिन्यात हेच वाक्य मी त्यांच्या चुलीपाशी ऐकलं.

आसेगावात मी शाळेत गुरुजी, ते माझे शेजारी. बायको वारलेली, एकुलती लेक आदल्या साली मानोऱ्याला दिलेली. ते स्थळ मी आणलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्याही जिवाला लागून राहिलं. अधिकात जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी मानोऱ्याला गेलो होतो, तेव्हा लेकीच्या सासूने भर अंगणात विचारलं, "आईच नाही तिथं, अनारसे तळन कोण?" लेकीने मान खाली घातली. मी तिथंच बसलो होतो. टोपी उचलून मी आसेगावला परतलो.

मास्तरांना हे कळलं आणि त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी तळतो! त्यात काय, गुरुजी?"

लढाईचे दिवस, त्यात आमचा ज्वारीचा मुलूख. तांदूळ मिळवता मिळवताच ते दमले. पण एकदा तांदूळ भिजले, सावलीत धोतरावर वाळले, उखळात पडले, आणि मास्तरांना भरतं आलं. कुटतानाही त्यांचा पाय मशीनवर असल्यासारखा हले. रोज हाक यायची, "या गुरुजी! पीठ पाहा, मलमल! हात नोका लावू!" मीही पोरासारखा धावत जाई. मग गुळात मळलेलं पीठ डब्यात मुरत ठेवलं, तर दिवसातून कितीदा झाकण उघडून वास घेत.

जावई यायच्या आदल्या दुपारी कढई चढली. गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या. मास्तरांनी खसखशीवर पहिला अनारसा थापला, अगदी बेतून कापल्यासारखा गोल, आणि तुपात सोडला. क्षणभर जाळी पडली आणि अख्खा अनारसा फुटून कढईभर पसरला.

"हसला वं बाई, हसला!" बाया ओरडल्या. तुपात विरघळलेल्या अनारशाला आमच्याकडे असंच म्हणतात. दुसराही हसला. तिसराही.

"भाऊजी, गूळ किती घातला?" माझ्या बायकोने विचारलं.

मास्तर ओशाळले. "मापानंच घातला. मंग वरून एक मूठ. पोरीले गोड लय आवडते ना."

आमच्या घरचे अनारसे तयार होते. मी डबाच उचलून आणला. "हे द्या, मास्तर. जावयाले काय समजते?"

"जावयाले नाही समजणार. पोरीले समजन." त्यांनी डबा माझ्या हातात परत दिला. "वहिनी, अनारशाचं कोरडं पीठ असन तर तेवढं द्या."

पीठ मिसळलं. पुढचा अनारसा टिकला! मास्तर झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवीत ओरडले, "जाळी! गुरुजी, जाळी पाहा!" बायांसमोर मी चक्क टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीने एक मोडून तोंडात घातला आणि बापाकडे पाहिलं. "बाबा, गूळ जास्त झाला."

"झाला," ते म्हणाले, आणि दोघं हसत सुटली. जावई मान खाली घालून खात होता. ताट रिकामं झालं तेव्हाच त्याने मान वर केली.

पुढचा अधिक आला तेव्हा मास्तर नव्हते. दाराला कुलूप, आत मशीन. मी मानोऱ्याला जाऊन लेकीला नि जावयाला आमच्या घरी बोलावून आणलं. बायकोला चुलीपुढून उठवलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः बसलो. पीठ मीच मळलं होतं. गूळ मापाने घातला होता, आणि वरून एक मूठ.

सगळे अनारसे तुपात हसले.

 लेकीने माझ्या हातातला झारा घेतला, कढईतला चुरा निथळून ताटलीत काढला आणि उभ्यानेच खाऊ लागली. मी चव पाहायला हात पुढे केला, तर तिने ताटली उंच धरली.

"हात नोका लावू, काका. नुसतं पाहा."