वायर काढणारा हात

मी जात्याच संशयी. दूधवाल्यासमोर दूध ढवळून बघणारी, कुलूप लावल्यावर तीनदा ओढणारी. हिंगोलीत घराच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर क्लास काढला आणि परीक्षा इंटरनेटवरून होऊ लागल्या, तेव्हा मी एका लाइनवर भागवलंच नाही. एक लाइन टेलिफोनच्या तारेतून घेतली, दुसरी गच्चीवरच्या अँटेनातून, तीही दुसऱ्या कंपनीची. दोन्ही आणून एका डब्यात जोडल्या. नांदेडहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "म्याडम, पहिली लाइन गेली की डबा आपोआप दुसरीवर जातो. तुमाला हात लावायचं कामच न्हाई."

माझा कशाचा विश्वास बसतो! रोज सकाळी क्लास उघडला की मी पहिल्या लाइनची वायर डब्यातून उपटायचे. अर्ध्या मिनिटात कम्प्युटर दुसरीवर चालायला लागले की परत खोचायचे. मगच चहा. माझा दीर दारात बसून हे बघायचा आणि हसायचा. तो हिंगोली-गोरेगाव प्रवासी जीप चालवायचा, दुपारी जेवायला घरी यायचा. ही पुढची खोली त्याला मोबाइलच्या दुकानासाठी हवी होती, सासऱ्यांपाशी एकदा तसं बोललाही होता. तेव्हापासून तो डब्याजवळून नुसता गेला तरी माझी नजर त्याच्या हातांवर.

त्या दिवशी परीक्षेला सातजण बसले होते. त्यात गोरेगावकडच्या तांड्यावरची एक बाई होती. नवरा सरकारी ऑफिसात शिपाई होता, तो वारल्यावर त्याच्या जागेवर हिला घेतलं होतं. पण कम्प्युटरचं सर्टिफिकेट द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आधी एकदा नापास झालेली. आता नापास झाली तर नोकरी जाणार, तसं लेखी पत्रच तिच्या पिशवीत होतं. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

शेवटची वीस मिनिटं उरली आणि सगळे पडदे एकदम अडकले. मी डब्याकडे पाहिलं तर दोन्ही लाइनींचे दिवे हिरवेगार. लाइनी चालू, मग अडलं कुठं? माझ्या मनात पाल चुकचुकली. परीक्षेच्या ऑफिसला मोबाइलवरून फोन लावायला मी आतल्या खोलीत गेले. दहा मिनिटं लावत राहिले, फोन कुणी उचलेना. परत आले तर जेवायला आलेला दीर डब्यापाशी वाकलेला आणि पहिल्या लाइनची वायर त्याच्या हातात.

माझं डोकंच फिरलं. "बराबर सापडलात, भाऊजी. एका खोलीपायी लोकांच्या पोटावर उठलात व्हय?" वायर हिसकावून मी जागेवर खोचली. अजून पुष्कळ बोलले, ते लिहायची आज लाज वाटते. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात तांड्यावरची बाई खुर्चीतूनच हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, भाऊनं वायर काढली तवा माझा प्रश्न पुढं सरकला व्हता. तुमी लावली अन् पुन्हा अडकला."

मी वायर उपटली. अर्ध्या मिनिटात सातही पडदे हलले. परीक्षेची सहा मिनिटं उरली होती.

"तुमी रोज सकाळी तसंच करता ना, वहिनी," दीर म्हणाला. "म्हून काढली."

टेलिफोनची तार गावाबाहेर कुठंतरी तुटली होती, हे नंतर कळलं. डबा बघायचा फक्त शेजारच्या मोडेमपर्यंत, म्हणजे ती तार घरात जिथे येते त्या यंत्रापर्यंत, आणि मोडेम तर जागच्या जागी चालू. मी रोज वायर उपटूनच तपासायचे. डब्याला फक्त उपटलेली वायर कळते, पुढं तुटलेली तार कळत नाही, हे त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढे मेकॅनिकने डब्याला दूरपर्यंत बघायला लावलं.

बाई पास झाली, अगदी काठावर. पेढे घेऊन आली तेव्हा पहिला पेढा तिने दिराच्या हातावर ठेवला. मी त्याची माफी मागितली. "जाऊ द्या, वहिनी," म्हणाला आणि जीप घेऊन गेला.

खोलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण क्लास बंद होईपर्यंत त्या खोलीत पंख्याचं बटण दाबायचं असलं, तरी तो आधी दारात थांबायचा आणि विचारायचा, "वहिनी, हात लावू का?"