चॅपलच्या छताखालचा दवाखाना

मंडळी, आज रत्नागिरीतल्या एका जुन्या चॅपलमध्ये गेले होते. तिथे आता दवाखाना आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर उंच कमानदार छत. वेदी होती तिथे प्लायवूडचं पार्टिशन टाकून डॉक्टरांची खोली केलीय. पार्टिशन छतापर्यंत पोचतच नाही. करणाऱ्याने एकदा वर बघायचं तरी.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी लांज्याहून आलेले एक आजोबा होते. त्यांना तपासून बाहेर बसवलं आणि डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला आत थांबवून घेतलं.

"आता उपचारांचा उपयोग नाही. बाबांना एवढ्यात सांगू नका."

डॉक्टर अगदी हळू बोलले. पण पाद्रीबाबांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणूनच तर ते छत तसं बांधलेलं. बाकावर सगळ्यांना सगळं ऐकू आलं. मी मुद्दाम जोरात खोकले. खोकला घुमून विरला, आतलं बोलणं चालूच होतं.

मुलगी हसत बाहेर आली. "काय नाय बाबा, पित्त झालंय नुसतं."

आजोबा उठले. "बरं झालं गो. मी उगाच घाबरलेलो."

आम्ही सगळे खाली बघत बसलो. आता ती घरी रोज त्यांच्यासाठी हसणार, आणि ते तिच्यासाठी.

आजोबांनी ऐकलंय, हे तिला गाठून सांगायला हवं होतं का? मला तर बाकावरून उठताच आलं नाही.