राळेचा टाका

जगातले सगळे बिघाड आणि निम्मी भांडणं चुकीच्या सोल्डरिंग पेस्टमुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात बस स्टँडमागे त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणीच्या पंपाचे चार्जर, टीव्ही, मोबाइल, जे येईल ते. गिऱ्हाईक विचारतं, "केव्हा देता?" साडू आधी सोल्डरची तार नाकाशी नेतात, चिमटीत वाकवून पाहतात आणि मग त्याला स्टुलावर बसवून कथील आणि शिशाचं प्रमाण समजावतात. "त्रेसष्ट-सदतीसची तार पटकन गोठते. साठ-चाळीसले टाइम लागते. तेवढ्यात हात हालला, का टाका कच्चा!" तोवर गिऱ्हाइकाची वाशीमची बस निघून गेलेली असते.

तांबं आणि कथील यांचं जमवायला मध्ये राळ लागते, आणि राळेशिवाय साडू घराबाहेर पडत नाहीत. खिशात कापराच्या डबीत मधाच्या रंगाचा एक खडा असतो. एकदा सत्यनारायणाला ती डबी चौरंगाजवळ राहिली आणि भटजींनी खडा सरळ धुपात टाकला. आम्हाला वाटलं, आता साडू चिडणार. ते डोळे मिटून धूर ओढत राहिले आणि आरतीच्या आधी मला म्हणाले, "माल अस्सल होता."

तेजाबाच्या पेस्टशी मात्र त्यांचं हाडवैर. पत्रा आणि रेडिएटर डागायला ती चालते. बारीक तारांना ती आतून खाते. त्यांच्या पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो तर खरखरणारा टीव्ही पाहून यांनी तिथेच त्याचं मागचं झाकण उघडलं. परतताना निकाल दिला, "पोरगा बरा हाय, पण घरात तेजाबाची पेस्ट हाय." लग्न झालं, पण साखरपुड्याच्या आधी त्या घरातली पेस्टची डबी उकिरड्यावर गेली.

हे सगळं माहीत असून मी गुन्हा केला. सासूबाईंना दोघी मुलीच. म्हणून त्या आमच्याकडे मंगरूळपीरला राहतात. त्यांचं कानाचं मशीन जुनं, गळ्यात डबी अडकवायचं. त्यांच्या कामरगावच्या धाकट्या बहिणीचा रोज चार वाजता फोन यायचा. मोबाइल त्या डबीपाशी धरायचा आणि दोघी तासभर बोलायच्या. उन्हाळ्यात डबीतली तार निसटली. साडूंना सांगितलं तर व्याख्यान ऐकावं लागेल, म्हणून मी रेडिएटरवाल्याकडून बोटभर पेस्ट आणली आणि स्वतःच टाका मारला. काय चमकत होता! दिवाळीनंतर मशीन मुकं झालं. कानात बसणारं नवं आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून सासूबाईंनी काढून ठेवलं. चारचा फोन येतच राहिला. काही ऐकू न येता त्या "बरं हाय, बरं हाय" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. मला जेवण गोड लागेना.

शेवटी साडू पिशवी घेऊन आले. डबी उघडून त्यांनी हिरवा पडलेला टाका पाहिला, वास घेतला आणि विचारलं, "कोनं केलं हे?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो. साडू जुन्या ब्रशानं, स्पिरिटनं तासभर ती जागा घासत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "नवाच शिकलो होतो तवा मी बाबाच्या रेडिओले अशीच पेस्ट लावली होती. चार मयन्यात खलास. बाबा समद्याईले सांगत राह्यला, सेल संपले म्हणून. मरेपर्यंत सांगत राह्यला."

राळेचा बारीक धूर निघाला, टाका बसला. सासूबाईंनी डबी गळ्यात घातली. "काय झालं होतं हो जवाईबापू?"

"काही नाही आई. सेल उतरले होते," साडू म्हणाले.

चार वाजता फोन वाजला. सासूबाईंनी तो डबीपाशी धरला, नेहमीप्रमाणे "बरं हाय" म्हणाल्या आणि थांबल्या.

"काहून रडून राह्यली वं?" पलीकडून आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. "अवं, येते ना ऐकू! म्हनून तर इचारून राह्यली."

साडू गरम सोल्डरिंग गन हातात धरून तसेच बसले होते. मी प्लग काढला, तेही त्यांना कळलं नाही. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला फार वाटलं. पण आमच्यात साडूच्या पाया पडायची रीत नाही, म्हणून मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला.