व्याजाचा रकाना

आमच्या घरात ‘व्याज’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. घरावर बँकेचं कर्ज होतं, पंधरा वर्षांचं होतं, आणि बँक काही धर्मादाय चालवत नाही हे अब्बांना पुरेपूर ठाऊक होतं. पण बोलण्यात तो कायम ‘घराचा हप्ता’ असायचा. हप्ता भरला, हप्त्याची तारीख आली, इतकंच. आमच्यात व्याज घेणंही हराम आणि देणंही. पण भाड्याच्या जागेचा मालक जागा विकायला निघाला होता, आणि पौडात तेवढी रक्कम बिनव्याजी देणारं कुणी नव्हतं. शेवटी खाली दुकान, वर दोन खोल्या अशी ती जागा अब्बांनीच घेतली. कर्जाच्या कागदांवर अब्बांनी सही केली, अम्मानंही केली. त्या सहीची लाज अब्बांना पुढं कायम वाटत राहिली.

दुकान दावी, कासरे, विळे, ताडपत्र्या यांचं. आता बैल कमी झाले, तरी दावी खपतात. जवळच्या रिहे गावच्या फार्महाऊसवाल्यांना झोपाळे टांगायला लागतात. अब्बा त्यांना दोर मोजून देतात आणि बैलाला कोणता चालेल तेही सांगतात. ते हसतात, अब्बा हसत नाहीत.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न पौडातच झालं, दोन गल्ल्या पलीकडं. एसटी स्टँडसमोर माझी एक खोली आहे, तिथं बसून मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरते. जमीन विकलेले शेतकरी येतात, खोल्या भाड्यानं देणारे येतात, शेजारच्या चांदे गावात राहून हिंजवडीला कामाला जाणारी पोरं येतात. घरासाठी कर्ज काढलेल्या प्रत्येकाकडून मी बँकेचा दाखला मागून घेते. वर्षभरात मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, बाकी किती राहिली, हे त्यावर असतं. त्या व्याजावर करात सवलत मिळते. दाखला आणला नाही तर मी फॉर्म भरत नाही, चिडते, परत पाठवते. माझ्या या स्वभावाबद्दल तालुक्यात बोललं जातं.

अब्बांचा फॉर्मही मीच भरायची. पहिल्याच वर्षी मी त्यांच्याकडं दाखला मागितला, तेव्हा ते दोर गुंडाळत होते.

“न्हाई घ्यायची सवलत,” ते म्हणाले. “जे देऊ ने ते देतुया. त्याच्यावर आनखी इनाम कशापायी घेऊ?”

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटला. तेव्हापासून अब्बांच्या फॉर्मवर व्याजाचा रकाना मी दरवर्षी रिकामा सोडला, आणि तो दाखला माझ्या डोळ्यांखालून एकदाही गेला नाही. बँकेची पाकिटं दुकानात यायची. आत व्याजाचे आकडे असतात एवढं अब्बांना माहीत होतं, म्हणून ती न उघडताच ताडपत्र्यांच्या थप्पीमागं जायची.

अब्बांचा दुसरा हट्ट हजचा. कर्ज फिटल्याशिवाय हजला जायचं नाही. हप्ता नियमित चालू असेल तर जायला हरकत नाही, असं मौलानांनी दोनदा समजावलं. अब्बा म्हणाले, “तुमचं बरुबर हाय. पर ह्ये वझं पाठीवर घिऊन त्या दारात मी हुभा ऱ्हानार न्हाई.” अम्माला मात्र जायची घाई होती. तिनं कर्ज निघालं तेव्हाच स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला. दहा वर्षांनी त्याची मुदत संपली, तशी पुण्याला जाऊन तिनं दुसरा काढला. पहिल्या फोटोत केस काळे होते, दुसऱ्यात पांढरे. “तुमचा हप्ता सरंस्तवर माजं गुडघं सरत्याल,” ती अब्बांना म्हणायची, आणि अब्बा बोटांवर वर्षं मोजून दाखवायचे.

पंधरा वर्षांना आठ महिने उरले असताना अम्मा गेली. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि पिरंगुटच्या दवाखान्यापर्यंतही पोचता आलं नाही. दफन करून आल्यावर अब्बा दुकानाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “हप्ता सरायच्या आदी गेली. तिचं हजला जानं लिवल्यालंच नव्हतं.” त्या एका वाक्याला धरून ते पुढचे महिने जगले. हप्ता सरला नव्हता, म्हणून जाता येत नव्हतं. यात त्यांचाही दोष नव्हता आणि तिचाही नव्हता.

पंधरा वर्षं पुरी झाली त्या महिन्यात अब्बा धुतलेला सदरा घालून, अर्धा किलो पेढे घेऊन बँकेत गेले. सोबत मी होते. घराचे मूळ कागद मागायचे आणि पेढे वाटायचे, एवढाच बेत. कर्जाच्या टेबलावरचा साहेब परप्रांतातला, तरुण, बोलायला नम्र. त्यानं कंप्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, “चाचाजी, अभी तो तीन साल बाकी हैं।”

अब्बांना वाटलं, तो दुसऱ्याच कुणाचं खातं बघतोय. त्यांनी स्वतःचं नाव पुन्हा सांगितलं. साहेबानं पडदा आमच्याकडं वळवला. तिथं त्यांचं नाव होतं, त्याखाली अम्माचं, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख तीन वर्षं पुढची. अब्बांनी पेढ्यांचा पुडा टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. त्यांचा तो हात मला अजून दिसतो. मला त्या साहेबाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याचा काही दोष नव्हता हेही कळत होतं.

ताडपत्र्यांमागची पाकिटं मी घरी आणली आणि दोन दिवस बसून सगळी वाचली. प्रकार साधा होता. आमचा दर बदलता होता. देशात दर वाढले तेव्हा बँकेनं आमचाही लगेच वाढवला. हप्त्याचा आकडा तोच ठेवला आणि पुढं महिने जोडले, म्हणून अब्बांना कळलं नाही. पुढं दर उतरले, चांगले उतरले. नव्या गिऱ्हाइकांना कमी दरानं कर्ज मिळू लागलं. तो दर त्याच शाखेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र तो आपोआप लागू होत नव्हता. त्यासाठी अर्ज करायचा, वर शुल्क भरायचं. तसं कळवणारं पत्र एका पाकिटात होतं, बारीक इंग्रजीत. फक्त मराठी वाचणाऱ्या दोराच्या दुकानदाराला इंग्रजीत कळवून बँक मोकळी झाली होती.

मग मी खरा हिशोब मांडला. नव्या गिऱ्हाइकांना मिळत गेले तेच दर आम्हाला मिळाले असते, तर याच हप्त्यात कर्ज कधी संपलं असतं? उत्तर आलं ते मी तीनदा तपासलं. पंधरा वर्षं भरायच्याही एकोणीस महिने आधी.

म्हणजे अम्मा जायच्या अकरा महिने आधी.

त्या अकरा महिन्यांत एक हज येऊन गेली होती. अम्माचा दुसरा पासपोर्ट चालू होता. दुसऱ्या कुणाचा दाखला असता तर ही गडबड मला पहिल्याच वर्षी दिसली असती. सगळ्या तालुक्याचे दाखले तपासणारी मी, बापाच्या श्रद्धेचा मान म्हणून त्याचाच दाखला तेवढा पाहिला नाही. बँकेचा राग मला आजही आहे, अब्बांच्या हट्टाचाही आहे. स्वतःचा आहे तो मात्र कुणावर काढता येत नाही.

बँकेकडं मी तक्रार केली. दोन ओळींचं उत्तर आलं, की सगळं नियमानं झालं आहे.

त्याच सुमारास चांद्याचं माझं एक गिऱ्हाईक, कंप्युटरवर काम करणारा तरुण, फोन पुढं करून म्हणाला, “मॅडम, हे बघा, पार्लमेंटमध्ये तुमचाच टॉपिक चाललाय.” कुणी खासदार विचारत होते, की दर उतरले तर जुन्या कर्जदारांचा हप्ता का उतरत नाही? मंत्र्यांच्या बाजूनं उत्तर आलं, की दर ठरवायला बँका मोकळ्या आहेत, ग्राहकानं अर्ज केला तर दर बदलून मिळतो. बाकं वाजली आणि पुढचा प्रश्न आला. अर्ज करायला आधी कळायला तर हवं! मी इतक्या मोठ्यानं बोलले, की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत बघायला लागली.

पण प्रश्न तिथंच मिटला नाही. काही महिन्यांनी पेपरात छोटी सूचना आली. संसदेची एक समिती बँकांच्या घरकर्जांची तपासणी करत होती आणि लोकांकडून लेखी म्हणणं मागवत होती, हिंदीत किंवा इंग्रजीत. मी इंग्रजीत अकरा पानं लिहिली, मग राग काढून टाकला तेव्हा चार उरली. करसवलतीबद्दलही लिहिलं. सवलतीच्या निमित्तानं का होईना, माणूस वर्षातून एकदा आपल्या कर्जाचा कागद हातात धरतो. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर सवलत नाही, त्यामुळं पोरं आता दाखला आणतच नाहीत. उद्या त्यांच्या कर्जाला महिने चिकटले तर कुणाला दिसणार?

पाठवण्याआधी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, “लिही. पर तुज्या अम्माचं नाव त्यात घालू नगंस. बँकेच्या भांडनात ती नगं.” मी नाव घातलं नाही. चौथ्या पानावर फक्त एक ओळ ठेवली, की कर्ज ज्या महिन्यात संपायला हवं होतं त्यानंतर अकरा महिन्यांनी सहकर्जदार वारली. महिना लिहिला. बँकेलाही त्या चार पानांची प्रत धाडली.

समितीचा अहवाल यथावकाश सभागृहात ठेवला गेला. मी तो पूर्ण वाचला. जुन्या कर्जदारांना दर आणि मुदत बदलल्याचं त्यांच्या भाषेत, लेखी कळवलं पाहिजे, असा एक परिच्छेद होता. तो माझ्या चार पानांमुळंच आला असं नाही, लिहून पाठवणारे आमच्यासारखे खूप असणार. तरी मला खरंच बरं वाटलं, आणि मी खोलीचं दार लावून थोडं रडले.

त्यानंतर बँकेचंही पत्र आलं, मराठीत. ‘सद्भावनेपोटी’ उरलेलं कर्ज बंद करण्यात येत आहे. आमचेच पैसे सोडायला यांची सद्भावना! अब्बा मात्र सरळ बँकेत गेले. घराचे मूळ कागद घेऊन आले, कपाटात ठेवले आणि मला हजचा फॉर्म भरायला बोलावलं.

दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मी त्यांचं नाव, वय, रक्तगट लिहीत होते. ते समोर बसून बघत होते. मधेच त्यांनी विचारलं,

“पोरी, त्या बँकेनं लबाडी केली नसती, तर आपलं कंदी सरलं असतं?”

माझं पेन थांबलं. इतक्या वर्षांत मी कुणाच्या फॉर्मवर एक आकडा खोटा घातलेला नाही. लोक मागं लागतात, भांडतात, दुसरीकडं जातात, पण मी घालत नाही.

“पंधरा वर्षांलाच, अब्बा,” मी म्हणाले. “तुम्ही पेढे नेलेत ना, त्याच महिन्यात. वरची तीन वर्षं तेवढी त्यांची लबाडी.”

“म्हंजी ती गेली तवा हप्ता व्हताच.”

“व्हय. होताच.”

त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली. “मंग लिवल्यालंच नव्हतं तिचं,” ते म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला. मग त्यांनी मला चहा सांगितला.

खरा महिना दिल्लीला गेलेल्या त्या चार पानांवर आहे. त्याची प्रत माझ्या खोलीत असते, आणि अब्बा कधीकधी तिथं येऊन बसतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटतं.