टाकीचं दुसरं भोक

उन्हाळ्यात नागपुरात माणसं कूलरपुढे कशीबशी तग धरतात, माशांनी काय करावं? ऐंशी सालच्या आसपास मी काचेच्या टाकीवर माठ टांगला आणि वातीने त्यातलं गार पाणी दिवसभर थेंबथेंब टाकीत सोडू लागलो. प्रश्न उरला जादा पाण्याचा. मी दिवसभर सदर भागातल्या ऑफिसात, टाकी घरी. तेव्हाचे शौकीन त्यासाठी टाकीच्या आत काचेचा खोका बसवायचे. पाणी त्यात सांडायचं आणि नळीने बाहेर जायचं. पण तो खोका टाकीतली केवढी तरी जागा खायचा. मासे पाळायचे की खोका, असं मला होई.

मी खोका काढूनच टाकला. मागच्या काचेला वरच्या अंगाला दोन भोकं पाडून घेतली. काचवाला तांब्याची नळी आणि कुरुंदाची पूड घेऊन अर्धा दिवस घासत बसला होता. पहिल्या भोकातली नळी थेट अंगणातल्या कढीपत्त्याला जायची. दुसरं भोक बोटभर वर. त्यालाही नळी, पण ती कायम कोरडी. पहिली पानाशेवाळाने तुंबली तरच तिचं काम.

शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र ते पाहायला आला. ऑफिसात आम्ही बारा वर्षं एकाच डब्यात जेवत होतो.

"हे वरचं काहून गा? एक थेंब तर येऊन नाही राहिला."

मी त्याला पहिल्या नळीत बोट घालायला लावलं आणि लोट्याने पाणी ओतत गेलो. पाणी चढलं, दुसऱ्या नळीतून वाहू लागलं. जमिनीवर टिपूस नाही.

"मानलं गा तुले!" तो खदखदून हसला.

महिन्याभराने कळलं, त्याने साहेबांच्या बंगल्यात तशीच टाकी बसवून दिली, अक्कल स्वतःची म्हणून. मला राग आला, पण गिळला. होत असेल त्याचं भलं तर होऊ दे, म्हटलं.

मग एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. बंगल्यातला गालिचा, सोफा, सगळं भिजलं होतं. "तुमचे मित्र म्हणतात, ही टाकी तुमच्या डोक्यातली. जा, रिकामी करून द्या." मी गेलो. पहिल्या नळीत पान अडकलेलं. आणि दुसऱ्या भोकात खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरून वर रंग फासलेला!

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना ते सांगितलं. त्यांनी मित्राला विचारलं. तो फरशीकडे पाहत म्हणाला, "यांनीच सांगितलं होतं, बुजवून टाका म्हणून."

तोवर माझ्या फायलींवर साहेब न वाचता सही करत. त्या दिवसापासून ओळन्ओळ तपासू लागले. ऑफिसातले लोक भर उन्हात विचारत, "बाबू, छत्री आणू का?"

संध्याकाळी तो घरी आला. नेहमीसारखा टाकीसमोर बसला.

"बाईसाहेबांले ते भोक भद्दं दिसे. मीच बुजवलं गा."

"ते कशासाठी होतं, तुले मालूम होतं. बोट तुझंच होतं."

"होतं."

"मग माझं नाव काहून घेतलं?"

तो चकित झाला, जणू एवढं मला कळायलाच हवं होतं. "अजून कोणाचं घेऊ? साहेबानं मले कच्चं खाल्लं असतं. तू आपला माणूस आहेस. तू सांभाळून घेशील."

तो बराच वेळ बसून गेला. बायकोला हे सांगणं काही मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर तिने सवयीने त्याच्या वाटच्या पाटवड्याही घातल्या होत्या. तो शेजारी खुर्ची ओढून बसला. मी डबा स्वतःकडे घेतला आणि एक एक करून सगळ्या पाटवड्या खाल्ल्या.