खुनी कोण, हे देवाने सांगितलं होतं

तात्या गेल्याचं मला मासळी बाजारात कळलं. पिशवीत बांगडे घेत होतो, तेवढ्यात आमच्या वाडीतला एकजण भेटला. म्हणाला, "अवो, तात्या गुरव परवा गेले. तुमाला कोणी सांगितला नाय?" मी बांगडेच मोजत राहिलो. मला नीट उमगलं नसावं असं समजून तो पुढे म्हणाला, "तेच वो, शिरेलचा कौल लावलेले…" माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याने जन्मभर गावाचा देव राखला, तो मेल्यावर आठवतो कशामुळे, तर टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे! काही आठवडे उलटले, पण राग उतरलेला नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तात्या आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी नोकरीसाठी रत्नागिरीत आलो, तो वडिलांमागे देवळात उभा राहिला. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न घालायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कोणाचं जनावर हरवलेलं, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसलेलं, मुंबईच्या चाकरमान्याला घर बांधायचं असलेलं… सगळे तात्याच्या दारात. एकदा कोणीतरी निवडणुकीचा निकाल विचारायला आला, तर तात्याने त्याला पायरीवरूनच परत पाठवला. "देवाला टाइमपासला नाय बसवलेला हितं!" इतका तो कडक.

आणि हाच कडक माणूस त्या मालिकेच्या पार नादी लागला होता. मालिकेचं नाव मी घेत नाही, घ्यायची तिची लायकी नाही. पहिल्याच भागात घरातल्या म्हाताऱ्या मालकाला कोणीतरी दुधातून विष घालतं, आणि मग वर्षानुवर्षं शोध. तात्या आणि सुलभावहिनी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की टीव्हीसमोर. मी गावी गेलो की मीही. साक्षीदार नाव सांगायला तोंड उघडणार, तोच वीज कडाडायची, सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे आणि साबणाची जाहिरात लागायची. दुसऱ्या दिवशी साक्षीदार बेशुद्ध! "ह्याला परत आडवा केलान," तात्या कपाळावर हात मारायचा. "अरे, म्हातारा मेला त्याचं कोणाला पडलंय का काय?" शिव्या घालायचा, पण एक भाग चुकवायचा नाही.

मग वहिनींच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. बाई धीराची, पण आदल्या दिवशी तिने नवऱ्याला भलतंच मागितलं. "मी उठले नाय तर? कोणी मारलान ते कळल्याबिगर जायचा काय मी? देवाला विचारा." तात्या आधी चिडला, मग बराच वेळ अंगणात बसून राहिला. शेवटी आंघोळ करून देवळात गेला. मालिकेतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याने कौल लावला. असलं काही आयुष्यात पहिल्यांदा आणि फक्त बायकोसाठी. धाकट्या सुनेच्या नावाला उजवी कळी पडली. गोड बोलणारी, सगळ्यांची लाडकी सून. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलाच होता," आणि शांतपणे हॉस्पिटलात गेल्या.

वहिनी ठणठणीत बऱ्या होऊन आल्या, आणि सगळ्या वाडीला बातमी देऊन मोकळ्या झाल्या. झालं! खुनी कोण यावरचे वाडीतले वाद मिटले. देवाने सांगितलंय म्हटल्यावर बोलायचं कोणी?

शेवटच्या भागाला तात्याच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मीही होतो. आणि खुनी कोण निघाला? दुबईहून आलेला मालकाचा सावत्र भाऊ! जो त्याच आठवड्यात पहिल्यांदा दिसला होता. खून झाला तेव्हा हा गृहस्थ कुठे होता, दुधाच्या पेल्यापर्यंत पोचला कसा, काही नाही. सूनबाई देवापुढे हात जोडून रडल्या आणि समाप्त. इतकी वर्षं आम्ही डोळ्यांत तेल घालून बघितलं ते याच्यासाठी? सरळ सरळ फसवणूक. ओटीवर कोणीतरी फिसकन हसलं. "तात्यानू, देवाचा नेम चुकला वाटतं."

थट्टा तेवढ्यावर राहिली असती तर ठीक. पण पुढे एका घरचं लग्नाचं विचारायचं होतं, ते लोक शेजारच्या गावच्या गुरवाकडे गेले. तात्याला ते कळलं. तो मला एवढंच म्हणाला, "देव माज्यावर रुसला रे. नको ते विचारलं मी." त्यानंतर त्याने कळीला हात लावला नाही. पुतण्याला पुढे केलं आणि स्वतः सभामंडपात खांबाला टेकून बसू लागला. तसाच खंगत गेला.

तो गेल्यावर काही दिवसांनी मोबाइलवर त्या सूनबाईचं काम करणारीची मुलाखत लागली. हसत हसत सांगत होती, "खुनी पहिल्या दिवसापासून मीच होते! त्या शेवटाचं शूटिंगही झालं होतं. पण प्रेक्षकांचं माझ्यावर इतकं प्रेम, की चॅनलने शेवटी खुनी बदलला." …मी फोन तसाच हातात धरून बसलो. कळी खरी पडली होती. तात्या खरा होता. आणि ते ऐकायला तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. वहिनींनी मुलाखत ऐकली, पुन्हा लावायला सांगितली. मग पदर डोक्यावर घेतला. "चला भावजी, देवळात."

आमच्याकडे देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा. बाई कधी घालत नाही. देवळात कोणी नव्हतं. वहिनी पाषाणासमोर उभ्या राहिल्या आणि थेट तात्याच्या चालीत बोलू लागल्या. "बा म्हाराजा! तू खरा तेच सांगितलास. ज्यानी खुनी फिरवलान, त्यांचा ते बघून घेतील. पन तुजा चाकर तुज्यासमोर त्या खांबाला टेकून बसायचा, रोज. तो जित्ता होता तवा त्याला एक शब्द कळवायचा होतास. तेवढा का नाय केलास, म्हाराजा?"

गाऱ्हाण्याला गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. वहिनी वाट बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, एकट्यानेच.